१९५८चा तो किताब नशिबाचा नव्हता

ब्रिटिश टूरिंग कार रेसिंगचा विषय निघाला की पहिल्या हंगामाचा, म्हणजे १९५८चा एक किस्सा हमखास पुढे येतो. टॉमी सॉपविथची जॅग्वार सगळ्यांच्या पुढे पळायची, जॅक सियर्सची ऑस्टिन मागून यायची, तरी गुण मोजण्याच्या पद्धतीमुळे दोघे बरोबरीत आले. मग दोघांना भलत्याच गाड्यांत बसवलं आणि दीडेक सेकंदाच्या नशिबानं सियर्स पहिला चॅम्पियन झाला, असं सांगतात. पाठोपाठ निकालही देऊन टाकतात: खरा चॅम्पियन सॉपविथच.

यातली बरीचशी माहिती बरोबर आहे, म्हणूनच हा निकाल लोकांना पटतो. मला तो अजिबात पटत नाही.

'जो पुढे तो चॅम्पियन' इथूनच सुरुवात करू. आज बीटीसीसी (ब्रिटिश टूरिंग कार चॅम्पियनशिप) म्हणून ओळखली जाणारी ही स्पर्धा तेव्हा ब्रिटिश सलून कार चॅम्पियनशिप होती आणि बीआरएससीसी हा रेसिंग क्लब ती भरवत असे. गाड्या रस्त्यावर दिसणाऱ्या, घरगुती वापराच्या. त्यांचे इंजिनाच्या आकारानुसार चार गट केले होते: १२०० सीसीपर्यंत, १६०० पर्यंत, २७०० पर्यंत आणि त्याहून मोठ्या. धावायचं सगळ्यांनी एकत्र, पण गुण मिळायचे आपापल्या गटातल्या क्रमांकाचे. हा नियम हंगामाच्या आधीपासून होता, सियर्ससाठी मागाहून काढलेली पळवाट नव्हती.

आता दोन गाड्या शेजारी ठेवून बघा. सॉपविथची जॅग्वार ३.४ म्हणजे ३४४२ सीसीचं ट्विन-कॅम इंजिन आणि सुमारे २१० हॉर्सपॉवर. सियर्सची ऑस्टिन ए १०५ वेस्टमिन्स्टर म्हणजे २६३९ सीसी आणि जेमतेम शंभराच्या वर हॉर्सपॉवर. ताकद निम्मी! सरळ रस्त्यावर जॅग्वार पुढे निघून जाणार हे शर्यत सुरू होण्याआधीच ठरलेलं. त्यातून जॅग्वारच्या कारखान्याची हुशारी सिद्ध होते. दोन ड्रायव्हरांपैकी सरस कोण, हे कळत नाही. कुस्तीत हलक्या गटातल्या विजेत्याला 'तू भारी गटातल्याला कुठे चितपट केलंस?' असं कुणी विचारत नाही.

शिवाय हा तर्क एकदा लावला की १९५८वर थांबता येत नाही. १९६१चा चॅम्पियन जॉन व्हिटमोर साध्या मिनीत होता. १९७० ते ७२ अशी सलग तीन वर्षं बिल मॅकगव्हर्ननं एक लिटरच्या आतल्या सनबीम इम्पमध्ये किताब जिंकला. १९८९ला जॉन क्लीलंड व्हॉक्सहॉल ॲस्ट्रा घेऊन चॅम्पियन झाला, तेव्हा शर्यतीत सर्वांत पुढे पाचशे हॉर्सपॉवरच्या आसपासच्या फोर्ड सिएरा असायच्या. १९९१ला गट मोडून सगळ्यांना दोन लिटरच्या एकाच नियमात आणेपर्यंत या स्पर्धेचा स्वभावच असा होता. सियर्सचा किताब खोटा ठरवणाऱ्यांनी ही सगळी नावंही खोडायची तयारी ठेवावी.

दुसरा आक्षेप नशिबाचा. नशिबावर सोडायचा प्रस्ताव खरोखरच आला होता: नाणं उडवून चॅम्पियन ठरवावा, असं सुचवलं गेलं. दोघांनाही ते रुचलं नाही. हे त्या किस्स्यातून नेहमी गाळलं जातं आणि मला ते फार खटकतं, कारण नशीब नाकारणारे हेच दोघे होते. नाण्याऐवजी बीएमसी (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) कंपनीच्या दोन सारख्या रायली वन-पॉइंट-फाइव्ह गाड्या ब्रँड्स हॅचच्या ट्रॅकवर आणल्या गेल्या. पाच फेऱ्यांची एक शर्यत, मग गाड्यांची अदलाबदल, पुन्हा पाच फेऱ्या. दोन्ही शर्यतींची वेळ मिळून ज्याची कमी, तो चॅम्पियन.

त्या अदलाबदलीकडे जरा नीट बघू. ट्रॅक पावसानं ओला होता. पहिली शर्यत सॉपविथनं २.२ सेकंदांनी जिंकली. गाड्या बदलल्या आणि दुसरी सियर्सनं ३.८ सेकंदांनी जिंकली. म्हणजे दोन्ही वेळा पुढे आली ती एकच रायली! आधी तिच्यात सॉपविथ होता, नंतर सियर्स. कारखान्यातून सारख्या म्हणून निघालेल्या दोन गाड्याही तंतोतंत सारख्या नसतात. ही दुसरीपेक्षा किंचित सरस होती, असं मानायला जागा आहे. आता गाडीचा हा फरक बाजूला काढा. त्याच रायलीत बसून सॉपविथनं २.२ सेकंदांची आघाडी काढली, सियर्सनं ३.८ ची. उरतात ते १.६ सेकंद, आणि ते गाडीचे नाहीत. पहिल्या शर्यतीनंतरच निकाल लावला असता तर सॉपविथ चॅम्पियन झाला असता आणि कदाचित केवळ वाट्याला बरी गाडी आली म्हणून. नशिबाला वाव तिथे होता. अदलाबदलीनं तो बुजवला.

दहा फेऱ्या थोड्या होत्या, हे मान्य. तेव्हाचा ब्रँड्स हॅच सव्वा मैलाचा, म्हणजे दोन्ही शर्यती मिळून वीसच किलोमीटर. ओल्या ट्रॅकवर चाक एकदा घसरलं तरी १.६ सेकंद जाऊ शकतात, हेही खरं. पण चाक घसरू न देणं हेच तर ओल्या ट्रॅकवरचं ड्रायव्हिंग. आणि सियर्सला नुसती दुसरी शर्यत जिंकून भागणार नव्हतं, २.२ सेकंदांपेक्षा जास्त फरकानं जिंकायची होती. ते त्यानं पाच फेऱ्यांत केलं.

रायली आणि ऑस्टिन दोन्ही बीएमसीच्या, म्हणून सियर्सला फायदा झाला, असंही म्हणतात. दोघांना मिळाल्या त्याच दोन गाड्या, आळीपाळीनं. शिवाय सहा सिलिंडरची बोजड वेस्टमिन्स्टर आणि दीड लिटरची चार सिलिंडरची लहानखुरी रायली यांच्यात नात्यापलीकडे काही सारखं नाही. एखाद्या त्रयस्थ कंपनीच्या गाड्या मिळाल्या असत्या तर दिसायला बरं दिसलं असतं, एवढं मी कबूल करेन.

सॉपविथला मी कमी लेखत नाही. वडील विमानं बनवणारे, पहिल्या महायुद्धातलं सॉपविथ कॅमल त्यांच्याच कंपनीचं, म्हणून मुलाची गुणवत्ता पैशाच्या खात्यावर टाकणारेही भेटतात. तेही चूक आहे. पावसात, अनोळखी गाडीत सियर्सपेक्षा फक्त १.६ सेकंद मागे राहणारा माणूस उत्तमच ड्रायव्हर असतो.

राहिला शेवटचा मुद्दा: सियर्स लहान गटाच्या आडोशानं एकदा चमकला. नॉरफोकचा हा शेतकरी १९६३ला पुन्हा चॅम्पियन झाला. त्या हंगामाची सुरुवात त्यानं फोर्ड कॉर्टिना जीटीनं केली, पुढे लोटस कॉर्टिनाही चालवली. आणि मे महिन्यात सिल्व्हरस्टोनच्या ट्रॅकवर त्याच्या हाती सात लिटरची फोर्ड गॅलक्सी आली. या वेळी जॅग्वारपेक्षा मोठं इंजिन त्याच्याकडे होतं. लांबरुंद, जड अमेरिकन गाडी, वळणांवर आवरायला कठीण. इंग्लंडच्या ट्रॅकवर ती चालणार नाही, अशी अनेकांना खात्री होती. सियर्सनं पहिल्याच शर्यतीत जॅग्वारना मागे टाकलं, गटात नव्हे, सर्वांत पुढे येऊन.