‘एका शहरानं कार्बन कमी करून काय होणार?’ या प्रश्नाला मुद्देसूद उत्तर

एक मजकूर सतत पुढं पाठवला जातो. त्याचं सार असं: हवामानबदल हा देशांचा आणि बड्या कंपन्यांचा प्रश्न आहे, एकेका शहराचा वाटा इतका किरकोळ, की नगरपालिकेनं कार्बन कमी करायला निघणं म्हणजे करदात्यांच्या पैशांची नासाडी, त्यापेक्षा तिनं कचरा, पाणी आणि दिवे बघावेत. वाचताना हे व्यवहाराचं बोलणं वाटतं आणि शहाण्या माणसांनाही पटतं. म्हणून त्यातला एकेक मुद्दा तपासून पाहायला हवा.

‘जगातलं ७१ टक्के प्रदूषण फक्त १०० कंपन्या करतात’

हा आकडा २०१७ सालच्या ‘कार्बन मेजर्स’ अहवालातला आहे. आकडा खोटा नाही, पण अर्धाच सांगितला जातो. १९८८ नंतर जगात झालेल्या औद्योगिक हरितगृह वायूंच्या उत्सर्जनाचा माग काढला, तर त्यातलं ७१ टक्के उत्सर्जन कोळसा, तेल आणि वायू काढणाऱ्या १०० उत्पादकांपर्यंत पोचतं, असं तो अहवाल म्हणतो. या शंभरांत खासगी कंपन्या आहेत तशा सरकारी कंपन्याही आहेत. आणि यातलं सुमारे ९० टक्के उत्सर्जन त्यांच्या खाणींत किंवा विहिरींवर होतच नाही. त्यांनी विकलेलं इंधन दुसरं कुणीतरी जाळतं तेव्हा ते होतं.

ते जळतं बसच्या इंजिनात, घरं उबदार ठेवणाऱ्या बॉयलरमध्ये, पाण्याच्या पंपांना वीज देणाऱ्या केंद्रात. म्हणजे शहरातल्या बसचं डिझेल त्या ७१ टक्क्यांत आधीच धरलेलं आहे. तेलकंपन्यांना जाब विचारायलाच हवा, त्याबद्दल दुमत नाही. पण त्यांचा माल खपतो कुठं आणि का, हे ठरवण्यात शहराच्या रचनेचा मोठा हात असतो. एक हिशेब दाखवून दुसरा टाळता येणार नाही.

‘एका शहराचा वाटा नगण्य आहे’

आहेच. कुठल्याही एका शहराचा वाटा नगण्यच असतो. पण आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदलविषयक तज्ज्ञ मंडळाच्या २०२२ सालच्या अहवालानुसार, शहरांत वापरल्या जाणाऱ्या वस्तू आणि ऊर्जेचा हिशेब धरला तर २०२० साली जगाच्या उत्सर्जनातला ६७ ते ७२ टक्के वाटा शहरांचा होता. वाटा लहान म्हणून एकाला सूट दिली, की ती प्रत्येकाला द्यावी लागते आणि मग कमी करणारं कुणी उरतच नाही.

मला याहून महत्त्वाची वाटते ती दुसरी गोष्ट. शहराच्या निर्णयाचा परिणाम शहराच्या हद्दीत थांबत नाही. बार्सिलोनानं १९९९ साली एक नियम मंजूर केला: नव्या आणि मोठी दुरुस्ती होणाऱ्या इमारतींनी गरम पाण्यासाठी लागणाऱ्या ऊर्जेचा ठरावीक हिस्सा छतावरच्या सौर यंत्रणेतून मिळवायचा. स्पेनमधल्या इतर शहरांनी तो उचलला आणि २००६ साली देशाच्या बांधकाम संहितेतच तशी अट आली. लंडनमधल्या मर्टन या एका बरोच्या, म्हणजे शहरातल्या प्रशासकीय विभागाच्या, कौन्सिलनं (स्थानिक संस्थेनं) २००३ साली ठरवलं, की मोठ्या नव्या इमारतींनी लागणाऱ्या ऊर्जेपैकी १० टक्के तिथल्या तिथं अक्षय स्रोतांतून मिळवावी. ‘मर्टन रूल’ या नावानं तो इतर कौन्सिलांमध्ये पसरला, आणि २००८ च्या कायद्यानं असे नियम करण्याचा अधिकार इंग्लंड आणि वेल्समधल्या सगळ्या स्थानिक नियोजन संस्थांना स्पष्टपणे मिळाला. मर्टनच्या हद्दीत किती टन कार्बन वाचला एवढंच मोजून या नियमाची किंमत कशी कळेल? एखादी अट व्यवहारात चालते, बांधकाम व्यवसाय त्यानं बुडत नाही, हे कुणीतरी आधी करून दाखवावं लागतं. ते लहान ठिकाणी करून बघणं सोपं असतं, आणि फसलं तर नुकसानही आवरता येतं.

‘नगरपालिकेच्या हातात असतंच काय?’

ब्रिटनच्या हवामानबदल समितीनं २०२० साली याचा अंदाज मांडला. स्थानिक संस्थांच्या स्वतःच्या इमारती आणि गाड्यांचं उत्सर्जन हे त्या भागातल्या उत्सर्जनाच्या २ ते ५ टक्केच भरतं. पण त्यांचे निर्णय आणि कामं ज्या क्षेत्रांवर प्रभाव टाकतात, त्यांचं उत्सर्जन देशाच्या साधारण एक तृतीयांश आहे. पुढं फिरणारा मजकूर पहिला आकडा धरून बसतो. खरी ताकद दुसऱ्या आकड्यात आहे: बांधकाम परवानगी, जमिनीचा वापर, पार्किंग, बसमार्ग, पदपथ. घरापासून शाळा आणि बाजार चालत गाठता येईल की नाही, हे विकास आराखड्यात ठरतं आणि पुढची पन्नास वर्षं बदलत नाही.

डेन्मार्कनं १९७९ च्या कायद्यानं उष्णता पुरवठ्याचं नियोजन नगरपालिकांकडं सोपवलं. वीजकेंद्रांतली आणि कचरा जाळण्यातली वाया जाणारी उष्णता नळांतून घरोघर द्यायची, अशी ती व्यवस्था. कोपनहेगनमधली जवळपास सगळी घरं आज तिच्यावर आहेत. कुणाही एका कुटुंबाला स्वतःच्या हिमतीवर हे जमलं नसतं. रस्ते खोदून नळ टाकायचं काम शहरालाच करता येतं.

नगरपालिकेला सगळं जमतं असं मात्र नाही. तिला वीजदर ठरवता येत नाहीत, इंधनावर कर लावता येत नाही, आणि बहुतेक ठिकाणी ती निधीसाठी वरच्या सरकारकडं डोळे लावून असते. स्टॉकहोममध्ये २००६ साली शहराच्या मध्यभागात जाण्यायेण्यावर शुल्क लावून पाहिलं, तेव्हा कायद्यानं तो कर ठरत असल्यामुळं देशाच्या संसदेची मंजुरी लागली. पण त्या काही महिन्यांत शुल्काच्या सीमेवरची वाहतूक साधारण २० टक्क्यांनी घटली. आधी विरोधात असलेल्या लोकांनी सप्टेंबरमधल्या सार्वमतात बाजूनं कौल दिला, आणि २००७ पासून शुल्क कायम झालं. ‘लोक असले निर्णय खपवून घेत नाहीत’ असं म्हणणाऱ्यांनी एवढं एक उदाहरण तरी नीट पाहावं.

‘त्यापेक्षा कचरा, पाणी, दिवे बघा’

मला सगळ्यात जास्त खटकतो तो हा मुद्दा, कारण तो दोन वेगळी कामं असल्याचं गृहीत धरतो.

कचरा डेपोपासून सुरुवात करू. ओला कचरा थरावर थर दाबला गेला, की आतपर्यंत हवा पोचत नाही. हवेशिवाय जगणारे जिवाणू तो कुजवतात आणि त्यातून जो वायू निघतो तो साधारण निम्मा मिथेन असतो. २० वर्षांच्या मुदतीत मिथेनची उष्णता अडवण्याची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या ८० पटींहून जास्त असते, आणि माणसामुळं होणाऱ्या मिथेनपैकी सुमारे २० टक्के कचरा आणि सांडपाण्यातून येतो. डेपोला लागणाऱ्या आगी, आजूबाजूच्या वस्त्यांत शिरणारा धूर, दुर्गंधी यांमागंही हाच ओला कचरा असतो. तो घराघरातून वेगळा उचलला, तर डेपोवर जाण्याऐवजी बंद टाकीत कुजवून त्याचा गॅस वापरता येतो. इंदूरमध्ये २०२२ साली दिवसाला ५५० टन ओल्या कचऱ्याच्या क्षमतेचा असा प्रकल्प सुरू झाला आणि त्या गॅसवर शहरातल्या बस धावतात. जुन्या डेपोवर मातीचं आच्छादन घालून, भोकं पाडलेले पाइप आत खोलवर उतरवून वायू खेचून घेता येतो. यातलं कचऱ्याचं काम कोणतं आणि कार्बनचं कोणतं, हे वेगळं काढून दाखवता येईल का? मिथेन हवेत साधारण बाराच वर्षं टिकतो. त्यामुळं आज थांबवलेल्या गळतीचा फायदा आजच्याच पिढीला मिळतो.

पाण्याचंही तेच. पाणी उपसणं आणि उंच टाक्यांत चढवणं हा अनेक नगरपालिकांच्या वीजबिलातला मोठा भाग असतो. वाटेत गळून गेलेल्या प्रत्येक लिटरमागं वीज आधीच खर्च झालेली असते. कितीतरी पंपघरांत मोटर पूर्ण वेगानं चालू ठेवतात आणि प्रवाह कमी करायला पुढचा व्हॉल्व्ह अर्धा आवळतात. एक पाय ॲक्सिलरेटरवर आणि दुसरा ब्रेकवर ठेवून गाडी हाकावी, तसा हा प्रकार आहे. मोटरला वेग बदलणारं यंत्र बसवून वेग २० टक्क्यांनी कमी केला, तर जिथं अडथळा मुख्यतः पाइपमधल्या घर्षणाचा असतो तिथं लागणारी शक्ती जवळपास निम्म्यावर येते, कारण ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. जिथं उंचीवर पाणी चढवायचं असतं तिथं बचत कमी होते, पण होते.

दिव्यांबद्दल फार बोलायची गरज नाही. लॉस एंजेलिसनं २००९ पासून १ लाख ४० हजार पथदिवे एलईडी केले आणि त्यांची वीज ६० टक्क्यांहून जास्त वाचली. करदात्यांचे पैसे वाया गेले म्हणणाऱ्यांनी हे बिल पाहावं.

‘उद्दिष्टं जाहीर करतात, गाठत कुणीच नाही’

या आरोपात तथ्य आहे. कोपनहेगननं २०२५ पर्यंत कार्बन-तटस्थ होण्याची, म्हणजे जेवढा कार्बन सोडला जातो तेवढा भरून काढण्याची, योजना २०१२ साली मंजूर केली होती. २०२२ मध्ये शहरानं जाहीर केलं, की हे साधणार नाही, कारण कचरा जाळणाऱ्या केंद्रातला कार्बन पकडण्याचा प्रकल्प निधीअभावी अडला. एका न झालेल्या प्रकल्पावर इतकी भिस्त ठेवणं ही नियोजनातली चूक होती, असं माझं मत आहे. पण २००५ च्या तुलनेत त्या शहराचं उत्सर्जन तोवर निम्म्याहून जास्त घटलं होतं. लक्ष्य चुकलं म्हणून ती घट खोटी ठरत नाही.

दूरच्या सालाची घोषणा करून मोकळं होणाऱ्या नगरपालिका खूप आहेत आणि त्यांना धारेवर धरायलाच हवं. त्यासाठी ऑस्लोची पद्धत उपयोगी आहे. त्या शहरानं २०१७ च्या अर्थसंकल्पापासून पैशांच्या तक्त्याबरोबर कार्बनचाही तक्ता मांडायला सुरुवात केली: या वर्षी कोणत्या उपायानं किती उत्सर्जन कमी होणार आणि जबाबदार विभाग कोणता. आपल्या नगरपालिकेनं घोषणा केली असेल तर अर्थसंकल्पाच्या सभेआधी एवढंच मागावं: डेपोवर रोज किती ओला कचरा जातो, पंपांचं आणि दिव्यांचं वीजबिल किती, गळती किती टक्के, आणि पुढच्या वर्षी यातला कोणता आकडा कितीवर आणणार व कोण आणणार.