राहायचं ठरवलंय ना? मग निकालापासून पंचेचाळीस दिवस मोजा

निकाल मनासारखा लागला नाही की दुसऱ्या दिवशीच सुरू होतं, ‘आता इथे काही राम राहिला नाही, बाहेर पडलेलं बरं.’ हे उद्वेगातून येतं, त्याबद्दल कुणाला दोष देऊ नये. पण जाण्याचा अर्थ नीट समजून घ्या. भारतात दुहेरी नागरिकत्व नाही. परदेशी पासपोर्ट हातात आला की इथलं मत गेलं. परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या माणसाला मिळणाऱ्या ओसीआय कार्डाने व्हिसाची कटकट वाचते, मताचा हक्क मिळत नाही. 2023 मध्ये 2,16,219 जणांनी भारतीय नागरिकत्व सोडलं; ते सगळे काही निकालावर रुसून गेले नव्हते, पण पुढच्या निकालात त्यांचं मत नाही. भारतीय पासपोर्ट ठेवून बाहेर राहिलात तर फॉर्म 6ए भरून यादीत नाव ठेवता येतं. मात्र मत द्यायला आपल्याच केंद्रावर स्वतः यावं लागतं.

माझं म्हणणं असं की राहणं हे काम आहे, आणि त्याला मुदती आहेत. निकालाच्या दिवशीच घड्याळ सुरू होतं.

पहिले सात दिवस दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराचे. सर्वोच्च न्यायालयाच्या एप्रिल 2024 च्या निकालानुसार, विधानसभा क्षेत्रातल्या 5 टक्के मतदान यंत्रांची तपासणी ते लेखी मागू शकतात. तुमचा उमेदवार त्यांत असेल तर त्याच्या मागे लागा. तिसाव्या दिवसापर्यंत प्रत्येक उमेदवाराला खर्चाचा हिशेब जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे द्यावा लागतो. तो एक रुपया फी भरून कुणालाही पाहता येतो. सभा, मंडप, गाड्या डोळ्यांनी पाहिल्यात ना? मग त्या तारखा त्या हिशेबात आहेत का, ते बघा.

पंचेचाळिसावा दिवस सगळ्यात महत्त्वाचा. निकालाला आव्हान देणारी निवडणूक याचिका उच्च न्यायालयात करायची ती शेवटची तारीख. ती फक्त उमेदवारानेच करायची असते असा समज आहे, तो चुकीचा. त्या मतदारसंघातला कोणताही मतदार करू शकतो. 2,000 रुपये अनामत भरावी लागते. बहुतेक याचिका कोसळतात त्या ढोबळपणामुळे. ‘मोठ्या प्रमाणावर गैरप्रकार झाले’ एवढंच लिहिलं तर सुनावणीआधीच निकालात निघते. कुणी, कुठे, कोणत्या तारखेला, काय केलं हे लागतं. राज नारायण 1971 मध्ये रायबरेलीत इंदिरा गांधींविरुद्ध लाखाहून जास्त मतांनी हरले होते. त्यांच्या आरोपांपैकी टिकले दोनच: सरकारी सेवेतल्या माणसाची प्रचारात मदत, आणि सभांची व्यासपीठं सरकारी अधिकाऱ्यांनी उभारणं. दोन्हींना तारखा होत्या, कागद होते. त्यावर 12 जून 1975 ला अलाहाबाद उच्च न्यायालयाने पंतप्रधानांची निवड रद्द केली. पुढे कायदाच बदलला गेला आणि नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयात तो निर्णय फिरला, हेही खरं. पण 1977 ला त्याच रायबरेलीत तेच राज नारायण जिंकले. त्यांनी मैदान सोडलं नव्हतं.

आता बूथकडे या. खरी हार-जीत इथे असते, असं माझं ठाम मत आहे. मतदान संपल्यावर केंद्राध्यक्ष फॉर्म 17-सी भरतो. त्यावर कंट्रोल युनिटचा, म्हणजे मतं साठवणाऱ्या यंत्राचा क्रमांक, नोंदलेली एकूण मतं आणि सीलचे क्रमांक असतात. त्याची सहीची प्रत पोलिंग एजंटला, म्हणजे उमेदवाराच्या बूथवरच्या प्रतिनिधीला मिळते. पण सकाळी उत्साहाने बसलेला एजंट संध्याकाळी निघून गेलेला असतो, आणि मग मोजणीच्या दिवशी टेबलावर ताडून बघायला हातात काहीच नसतं. यंत्रावरचा क्रमांक, सील आणि एकूण मतं ‘रिझल्ट’ बटण दाबण्याआधी जुळवायची असतात. आकडा जुळला नाही तर दर वेळी घोटाळाच असतो असंही नाही. सकाळी मतदानाआधीच्या मॉक पोलमध्ये, म्हणजे चाचणी मतदानात किमान 50 मतं टाकतात, नंतर क्लोज, रिझल्ट, क्लिअर या क्रमाने बटणं दाबायची; ‘क्लिअर’ राहिलं तर ती मतं यंत्रातच राहतात. हे माहीत असलेला माणूस योग्य ठिकाणी योग्य हरकत नोंदवतो. माहीत नसलेला बाहेर येऊन आरडाओरडा करतो आणि विषय तिथेच मरतो. बूथवर दिवसभर बसायला माणूस मिळत नाही, ही जवळजवळ प्रत्येक पक्षाची तक्रार. तो माणूस तुम्ही का नसावं?

राहिली मतदार यादी. मतदानाच्या दिवशी नाव शोधणं म्हणजे वरात निघून गेल्यावर घोडा शोधणं. उमेदवारी अर्जांची शेवटची तारीख उलटली की यादीत नाव चढत नाही. हरकतींसाठी सात दिवस जातात, म्हणून नवीन नावाचा फॉर्म 6 त्याच्या निदान दहा दिवस आधी गेलेला बरा. पत्ता बदलला तर फॉर्म 8. वयाची पात्रता आता वर्षातून चारदा मोजतात, 1 जानेवारी, 1 एप्रिल, 1 जुलै, 1 ऑक्टोबर. सतराव्या वर्षीच आगाऊ अर्ज करता येतो. आपल्या भागाची यादी डाउनलोड करा आणि एकेक घर वाचा. वारलेले, लग्न होऊन गेलेल्या, दोनदा आलेले, सगळे सापडतील. कमी करायच्या नावासाठी फॉर्म 7 आहे, पण खात्री असेल तरच भरा; खोटी माहिती दिली तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. महापालिका किंवा जिल्हा परिषदेची निवडणूक आली की हीच विधानसभेची यादी प्रभाग आणि गटांप्रमाणे फोडतात, आणि एक अख्खी गल्ली शेजारच्या प्रभागात जाते ती तेव्हाच. प्रारूप यादीवर हरकतीला मोजकेच दिवस मिळतात, त्यामुळे ती लागली त्याच दिवशी जाऊन बघा.