आक्का गेली, पण अर्ज अजून प्रलंबित आहे

आमची आक्का, म्हणजे आजी, जाऊन महिना होत आला. भेटायला येणारी गल्लीतली माणसं म्हणतात, "गावासाठी लई केलं बाईनं." पै-पाहुणे म्हणतात, "नातवंडांवर जीव टाकायची." दोन्ही खरं आहे. पण असं वेगवेगळं ऐकलं की मला राहवत नाही, म्हणून लिहितेय. आक्कानं गटारीवर फरशी मागितली, कारण त्या गटारीवरनं आम्ही शाळेला जायचो. नळाचं पाणी तपासून घेतलं, कारण ते आमच्या पोटात जायचं. आणि आमच्या पोटात जाणारं पाणी शेजारच्या पोरांच्याही पोटात जातं, एवढं तिला कळत होतं. बाकी तिच्याकडं काही मोठं तत्त्वज्ञान नव्हतं.

माहेर कुंडलकडचं. क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारच्या काळात तिची आई भूमिगतांना भाकऱ्या बांधून द्यायची, हे ती आम्हाला झोपताना सांगायची. शिक्षण सातवीपर्यंत. लग्न होऊन सांगलीत गावभागात आली. आजोबा हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी होते. हरिपूरची हळदीची पेवं, म्हणजे हळद साठवायचे जमिनीखालचे खड्डे, त्यात उतरणारी माणसं, तो वास, हे सगळं आम्ही तिच्याकडनंच ऐकलं. हिशेबाची वही कशी ठेवायची ते ती आजोबांकडनं शिकली आणि पुढं तीच पद्धत तिनं अर्जांसाठी वापरली.

ती वही आता माझ्याकडं आहे. लाल कापडी पुठ्ठ्याची, उभी. डावीकडं तारीख, मग विषय, मग आवक क्रमांक, शेवटच्या रकान्यात "झालं" किंवा "पुन्हा". "खांबावरचा दिवा बंद." "अंगणवाडीपुढची फरशी फुटली." "टीसीएल पावडर (पाणी शुद्ध करायची) नाही." काही विषयांपुढं "पुन्हा" इतक्या वेळा लिहिलंय की रकाना संपून समासात गेलंय. पोच घेतल्याशिवाय ती कुठल्याही कार्यालयातनं उठायची नाही. "तोंडी सांगितलेलं वाऱ्यावर जातं गं. शिक्का घे, मग घरी ये." माहितीच्या अधिकाराचा कायदा 2005 साली आला, तेव्हा ती साठी ओलांडलेली बाई. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून तीस दिवसांत उत्तर मागता येतं, हे कळल्यावर तिला झालेला आनंद मी पाहिलाय. सणासुदीलाही ती इतकी खुलायची नाही.

आम्हा भावंडांचं शुद्धलेखन या अर्जांवरच सुधारलं. "प्रति", "विषय", "महोदय" हे शाळेच्या आधी आम्ही घरी शिकलो. एक ओळ चुकली की अख्खा कागद पुन्हा लिहायला लावायची. लिहून झाला की बशीत भडंग, वर कच्चा कांदा आणि खोबरं. मला अठरा पूर्ण झाली त्या दिवशी सकाळी औक्षण केलं आणि ताटाखालनं मतदार नोंदणीचा नमुना 6 काढून पुढं ठेवला. फोटोसुद्धा चिकटवून ठेवला होता.

पुराबद्दल लिहिल्याशिवाय आक्काबद्दल लिहिताच येणार नाही. सांगलीत पावसाळ्यात घराघरांत एकच आकडा विचारतात, कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी किती फूट? 40 ला इशारा, 45 ला धोका. 1929 सालचा पूल, पण आजही सगळ्या गावाचे डोळे तिथल्या पातळीकडं. सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर, कर्नाळ रोड इथं पाणी आधी शिरतं, गावभागाकडं नंतर येतं. आमच्या जोत्याजवळच्या भिंतीवर आक्कानं 2005 च्या पुराची रेघ ऑइलपेंटनं मारून घेतली होती. 2019 च्या ऑगस्टमध्ये सगळी गल्ली त्याच रेघेवर भरवसा ठेवून बसली होती. 2005 ला इथवर आलं, म्हणजे आताही फार तर इथवर येईल, असं जो तो म्हणत होता. आक्का एकटीच म्हणत होती, "ही रेघ मागच्या पाण्याची आहे. पुढचं पाणी रेघ बघून येतंय होय?" कोयनेचा विसर्ग, वारणेचं पाणी, वर पाऊस किती, हे ती रेडिओवर ऐकून वहीत लिहीत होती. वीज होती तोवर तिनं दारोदार फिरून म्हाताऱ्या माणसांना आणि बाळंतिणींना उंचावरच्या विश्रामबागकडं हलवायला लावलं. कुणी ऐकलं, कुणी चिडलं. त्या वेळी पाणी 57 फुटांच्या वर गेलं. रेघ दिसेनाशी झाली.

त्याच पुरात ब्रह्मनाळ गावात लोकांना बाहेर काढणारी बोट उलटून माणसं गेली, ती बातमी ऐकली त्या दिवशी ती जेवली नाही. पाणी ओसरल्यावर चिखल काढता काढताच तिनं लाइफ जॅकेटचा अर्ज सांगितला आणि मी लिहून घेतला. 2021 ला पुन्हा पूर आला तेव्हा गल्लीतल्या लोकांनी तिला विचारूनच सामान वर चढवलं. याहून मोठा सत्कार तिचा कुणी केला नाही आणि तिला तो लागतही नव्हता.

आता मला खरं जे म्हणायचंय ते. अशा बायका जिवंत असताना त्यांना आपण कसं वागवतो? "हिला काही कामधंदा नाही", "नसती उठाठेव", "म्हातारी आली, आता तासभर जाणार." हे मी माझ्या कानांनी ऐकलंय, तिच्या पाठीमागं आणि कधी तोंडावरही. मला त्याचा राग आहे आणि तो जाणार नाही. महापालिकेत निम्म्या जागा बायकांना राखीव झाल्या तेव्हा उभी राहा म्हणून दोन-तीन पक्षांचे लोक घरी आले होते. तिनं चहा दिला आणि नाही म्हणाली. "मी आत जाऊन बसले तर बाहेरनं विचारणार कोण?" मला तिचं म्हणणं सगळं पटत नाही. अशी बाई सभागृहात हवी होती असंच मला वाटतं. पण बाहेरनं विचारणारं माणूस हवंच, यात ती शंभर टक्के बरोबर होती. 2023 ला सभागृहाची मुदत संपून प्रशासक आला, तेव्हा "आता सांगायचं कुणाला" म्हणून लोक गप्प बसले. हिनं फक्त "प्रति"च्या खालची ओळ बदलली.

नातवंडांसाठी आपण काय ठेवतो? एफडी, प्लॉट, थोडं सोनं. आक्कानं आमच्यासाठी सोन्याचे मणी ठेवले, नाही असं नाही. पण माझी मुलगी ज्या अंगणवाडीत जाते, तिथला नळ आणि तिथलं कुंपण हेसुद्धा तिनंच ठेवलंय. वहीत दोन्हींपुढं "झालं" आहे. पणतीला ती फार दिवस लाभली नाही, तरी रोज दुपारी काठी टेकत तिला आणायला जायची, आणि येताना दोघी मिळून गटारींची उघडी झाकणं मोजायच्या.

वहीतला शेवटचा अर्ज अंगणवाडीजवळच्या त्याच गटारीचा आहे. फरशी परत फुटलीय, खाली खोल आहे, पावसात कडा दिसत नाही. पुढं "पुन्हा" लिहिलंय. येत्या सोमवारी सकाळी अकरा वाजता मी स्मरणपत्र द्यायला जाणार आहे. गल्लीतल्या ज्यांना सही करायची असेल त्यांनी रविवारी संध्याकाळपर्यंत घरी या. कुठली झेरॉक्स लागत नाही, नाव, पत्ता आणि सही पुरे. सोबत यायला दोघं-तिघं मिळाले तर बरं होईल. पोच मी घेईन आणि इथंच टाकेन.