हिरवी साल आणि कच्चा गर: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमचं म्हणणं असं, की ठिपके पडलेलं केळं म्हणजे नुसती साखर, त्यातलं पोषण संपलेलं. मधुमेह असणाऱ्यांनी हिरवंच केळं खावं, निदान त्याची भाजी तरी. या सल्ल्याने लोकांची फसगत होते, म्हणून सविस्तर लिहितो.

पिकताना साखर बाहेरून येत नाही. १०० ग्रॅम गरात साधारण २३ ग्रॅम कर्बोदकं असतात. कच्च्या केळ्यात ती बहुतेक स्टार्चच्या रूपात, पिकलेल्यात साखरेच्या. पोटॅशियमही साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास राहतंच. बदलतो तो पचनाचा वेग. कच्च्या स्टार्चचा बराच भाग लहान आतड्यात पचत नाही, पुढे मोठ्या आतड्यातले जिवाणू तो आंबवतात. ते आतड्याला चांगलंच, पण सवय नसताना एकदम जास्त खाल्लं तर पोट फुगतं. तेव्हा रक्तातली साखर पिकलेल्या केळ्याने लवकर वाढते, इथवर तुमचं बरोबर आहे.

पण भाजीचं काय? उकडताना-परतताना स्टार्चचे कण पाणी शोषून फुगतात आणि मग सहज पचतात. गार झाल्यावर थोडा स्टार्च पुन्हा न पचणारा होतो, पहिल्याइतका नाही. म्हणून कच्च्या केळ्याची भाजी ताटात असेल तेव्हा पोळी-भात कमी घ्यावा, बटाट्याच्या भाजीला घेतो तसाच.

आणि सालीच्या रंगावर तर मुळीच विसंबू नका. जळगावकडून येणारं ग्रँड नैन जातीचं केळं २४ अंशांच्या वर पिकलं, की सालीतलं हरितद्रव्य पुरतं जात नाही. साल हिरवट, गर मात्र मऊ आणि गोड! (रायपनिंग चेंबर, म्हणजे केळी पिकवायच्या बंद खोल्या, १६ ते १८ अंशांवर ठेवतात, त्यामागे हेही कारण आहे.) आपल्या उन्हाळ्यात हे हमखास होतं. खात्री करायची तर आडवी चकती कापून तिच्यावर पाण्यात पातळ केलेलं, जखमेवर लावायचं आयोडीन टाका. स्टार्च असेल तिथे निळं-काळं होतं. अर्धवट पिकलेल्या केळ्यात मध्यभागी डाग फिका पडतो आणि सालीलगतचं कडं काळं राहतं, कारण स्टार्च आतून बाहेर कमी होत जातो. ती चकती खाऊ नका, टाकून द्या.

मधुमेह असेल तर पिवळं पण घट्ट केळं निवडा. एका वेळी अर्धं, सोबत मूठभर शेंगदाणे. दोन तासांनी ग्लुकोमीटरवर साखर बघा आणि पुढचं प्रमाण त्या आकड्यावरून डॉक्टरांशी बोलून ठरवा.