लडाखला यंत्र न्यायचंय? आधी सीए गाठा

तुमच्या डोक्यात एखादं यंत्र आहे, ते लडाखच्या थंडीत चालेल अशी खात्री आहे आणि सरकार त्यासाठी पैसे देतं असं कुणीतरी कानात सांगितलंय? अभिनंदन. सरकार खरंच देतं. २०१८ साली सुरू झालेल्या आयडेक्समध्ये, म्हणजे संरक्षण खात्याच्या नवउद्योगांसाठीच्या योजनेत, नमुना बनवायला १.५ कोटीपर्यंत अनुदान आहे, तिच्याच 'प्राइम' या मोठ्या भावंडात १० कोटींपर्यंत, 'अदिती' या त्याहून मोठ्यात २५ कोटींपर्यंत. अट एवढीच की सरकार जेवढे घालणार, निदान तेवढेच तुम्हीही घालायचे. तेव्हा घर कुणाच्या नावावर आहे ते आजच बघून ठेवा. वडिलांच्या असेल तर प्रस्ताव आधी त्यांच्यापुढे मांडा. तिथे पास झालात तर तज्ज्ञ समिती म्हणजे पोरखेळ.

पुढे लष्कराला यंत्र दाखवायची वेळ आली की एक मंत्र कानावर पडेल: 'नो कॉस्ट, नो कमिटमेंट', म्हणजे चाचणीचा खर्च तुमचा आणि खरेदीचं वचन नाही. दचकू नका, कांदेपोह्यांचाच प्रकार आहे. फक्त इथे पोहे, शेगडी, मुलगी आणि तिचा मामा असा सगळा लवाजमा घेऊन तुम्हीच चार-पाच हजार मीटर चढायचं, त्यांना खाऊ घालायचं आणि 'कळवतो' ऐकून स्वखर्चाने खाली यायचं.

निसर्गाची फार काळजी करू नका. ५,००० मीटरवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या जेमतेम ६० टक्के, त्यामुळे भोसरीत डौलात उडणारा ड्रोन तिथे धापा टाकतो. डिझेल दाटतं, लिथियमची बॅटरी मान टाकते. हे प्रस्तावात लिहिलंत तर विचारतील, 'मग इथेच चेंबरमध्ये गार करून का बघत नाही?' चेंबरमध्ये केलंत तर विचारतील, 'प्रत्यक्ष जागेवर का नाही?' दोन्ही उत्तरं टाइप करून तयार ठेवा, तारीख तेवढी बदलायची.

खरी मजा ऋतूंची. थंडीची चाचणी जानेवारीत व्हायला हवी. पैसे सुटतात मार्च एंडला. म्हणजे पर्यटक टी-शर्टात फोटो काढत असताना तुम्ही लेहच्या बाजारात गोठणप्रतिबंधक यंत्र काखेत मारून उभे. हट्टाने जानेवारीच गाठायची म्हटलंत तर श्रीनगर-लेह रस्त्यावरची जोजिला खिंड कधी बर्फाखाली जाईल याचा नेम नाही. राहिलं विमान. तिथे १०० वॉट-तासांपर्यंतची बॅटरी हातातल्या बॅगेतून जाते, १६० पर्यंत विमान कंपनीची मर्जी, त्यापुढे नाव काढायचं नाही. मालवाहू विमानाने पाठवायची तर आधी वाहतुकीच्या चाचणीचं प्रमाणपत्र आणा. चाचणीला नेण्याची चाचणी.

आम्ही ड्रोनची छोटी बॅटरी घेऊन गेलो होतो. (योजनेचं नाव लिहीत नाही, शेवटचा हप्ता यायचाय.) बॅटरीला ऊब देणारं जॅकेट, हे आमचं संशोधन. लेहला उतरल्यावर ३,५०० मीटरची सवय व्हावी म्हणून दोन दिवस नुसतं डोकं धरून पडून राहावं लागतं. हे पडून राहणं प्रकल्पाच्या कुठल्याच माइलस्टोनमध्ये, म्हणजे ठरलेल्या टप्प्यात, बसत नाही, म्हणून अहवालात त्याला 'स्थळ-पाहणी' म्हणा. तिसऱ्या रात्री जॅकेटच्या वायरचं आवरण कडक होऊन तडकलं, फ्यूज उडाला, संशोधन संपलं. आमचा तेवीस वर्षांचा इंजिनिअर बॅटरीला पोटाशी धरून स्लीपिंग बॅगेत शिरला. सकाळी बॅटरी ऊबदार, पोरगं मात्र तिचा कोपरा बरगडीत रुतून वाकडं झालेलं. मग बाजारातून बॅटरीसाठी वेगळी स्लीपिंग बॅग आणली आणि आत गरम पाण्याच्या दोन बाटल्या ठेवल्या. चौथ्या दिवशी ड्रोन उडाला. उडाला म्हणजे काय, झकास उडाला!

परत येऊन उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे अनुदान कशावर खर्चलं याचा दाखला, भरलं. सरकारी फॉर्म जीएफआर १२-ए, खाली सीएचा शिक्का. जळलेल्या जॅकेटचे पैसे एका दमात मंजूर. दीड महिन्याने एक शेरा आला: 'माणसे दोन, स्लीपिंग बॅग तीन. तिसरी कोणाची?'

'बॅटरीची' असं उत्तर चुकूनही देऊ नका. आम्ही दिलं. ती रक्कम आता आमच्याकडून वसूलपात्र आहे. तुम्ही सरळ 'औष्णिक आवरण, १ नग' असं लिहा आणि तीन कोटेशनं जोडा.