तुमचा तास कुणी बघितलाय का?

आज दुपारी स्टाफरूममध्ये जे पाहिलं ते लिहिल्याशिवाय झोप यायची नाही. लांबलचक होणार आहे, आधीच सांगते. कंटाळा आला तर लाइक ठोकून पुढे जा, ऑनलाइन ट्रेनिंगमध्ये तरी आपण दुसरं काय करतो?

तर झालं असं. आमचा एक सहकारी, माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान, पोरगा चांगला. टेबलावर लॅपटॉप, लॅपटॉपला टेकवून मोबाईल. दोन्हीवर एकेक एफडीपी (म्हणजे आम्हा प्राध्यापकांचं ऑनलाइन ट्रेनिंग) चालू. दोन्हीकडे कॅमेरा बंद, आवाज बंद. आणि हा मधोमध बसून इंटर्नलचे मार्क भरतोय, शेजारी कागदावर भडंग. मी विचारलं, "अरे, एकाच वेळी दोन? तारखा एकमेकांवर येतील की फायलीत." तर म्हणाला, "नाही मॅडम, मोबाईलवरची बायकोची आहे. तिला आज लागोपाठ तीन तास आहेत."

सगळे हसले. मीही हसले. चहा घेतला. आणि घरी येताना गाडीवर एकदम डोकं तडकलं. बायको तिकडे खरोखर शिकवत होती, म्हणून शिकवायचं कसं हे शिकायला तिला वेळ नव्हता! आणि विषय काय होता म्हणाल, तर विद्यार्थी-केंद्रित अध्यापन.

त्या पोरावर राग नाही माझा. त्याला पगाराची लेव्हल १० ची ११ करून घ्यायची आहे. प्लेसमेंटची, म्हणजे आमच्या प्रमोशनची, फाईल उघडली की काय शिकलात हे कुणी विचारत नाही. किती दिवसांचं, कुठून कुठवर आणि शिक्का आहे का, एवढंच बघतात. तो तेवढंच देतो. पण आपण सगळे मिळून हे नाटक किती वर्षं करणार आहोत?

मला कोणी शिकवलं शिकवायला, ते सांगते.

१९९७ साल. मी नुकती लागले होते. एम.ए.ला मार्क चांगले, सेट (प्राध्यापक व्हायची राज्याची परीक्षा) पास आणि आवाज खणखणीत. एवढ्या भांडवलावर मला सत्तर-ऐंशी पोरांसमोर उभं केलं. अर्थशास्त्र. आमचे विभागप्रमुख (आता ते नाहीत, नुसतं सर म्हणते) एके दिवशी म्हणाले, "मॅडम, उद्या तुमच्या तासाला येऊन बसलो तर चालेल का?" नाही कसं म्हणणार? रात्रभर नोट्स घोकल्या. सकाळी कडक इस्त्रीची साडी नेसून गेले. सर सगळ्यात मागच्या बाकावर, डुलक्या काढणाऱ्या पोरांच्या शेजारी, गुडघ्यावर छोटी डायरी घेऊन. मी मागणीची लवचिकता शिकवली, म्हणजे भाव बदलला की मागणी किती बदलते ते. मला वाटलं, काय तास झालाय!

बाहेर आल्यावर त्यांनी डायरीचं पान फाडून हातात दिलं. तीन ओळी होत्या.

४८ मिनिटांत "समजलं का?" ११ वेळा.
उत्तरासाठी थांबलात ० वेळा.
खिडकीकडच्या रांगेकडे एकदाही पाहिलं नाहीत.

शेरा नाही, सही नाही, "प्रयत्न चांगला" वगैरे गूळ नाही. नुसती मोजदाद.

चार दिवस मी त्यांच्याशी कामापुरतं बोलत होते, खोटं कशाला सांगू. पाचव्या दिवशी ते म्हणाले, "आता तुम्ही माझ्या तासाला बसा आणि मोजा."

ते पुढे लिहिते. आधी थोडा राग काढू दे.

चौथीच्या पोराला शिकवायला डी.एड. लागतं. नववीच्या पोराला शिकवायला बी.एड. लागतं, आता तर दोन वर्षांचं. पाठ टाचण काढा, वर्गात पाठ घ्या, मागे कुणीतरी बसून निरीक्षण लिहिणार, पुन्हा घ्या. आणि तोच पोरगा बारावी होऊन एफ.वाय.ला आला, की त्याला शिकवणाऱ्याला काय लागतं? नेट, सेट नाहीतर पीएच.डी. नेटच्या पहिल्या पेपरात ५० प्रश्न असतात, घटक दहा, प्रत्येक घटकाला पाच. त्यातला एक घटक अध्यापन. म्हणजे जन्मभर ज्यावर पगार घ्यायचा त्याची पारख पाच प्रश्नांत, तीही चारपैकी एक पर्याय निवडून. पीएच.डी.चं तर विचारूच नका, पाच वर्षं एकट्याने वाचण्याचा आणि पन्नास जणांना समजावून सांगण्याचा काय संबंध?

आणि लागल्यानंतर? यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमांत प्रमोशनसाठी शिकवण्याचं मोजमाप दिलंय. नेमून दिलेल्या तासांपैकी ८० टक्के किंवा जास्त घेतले तर चांगलं. ७० ते ८० च्या मधे, तर समाधानकारक. त्याखाली असमाधानकारक. एवढंच! वर्गात जाऊन मस्टर पुजून आलात तरी तुम्ही चांगले शिक्षक. माझ्या त्या अकरा "समजलं का"वाल्या तासाला या हिशेबात पैकीच्या पैकी.

आपल्या सांगली-सातारा भागात तरी हे असं होऊ नये हो. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९३५ साली साताऱ्यात ट्रेनिंग कॉलेज काढलं, प्राथमिक शिक्षकांसाठी. खेडोपाडी शाळा काढायची तर आधी शिकवणारा माणूस घडवावा लागतो, हे त्या माणसाला नव्वद वर्षांपूर्वी कळलं होतं. आपण काय करतो? जयंतीला फोटोला हार घालतो, सेल्फी काढतो आणि संध्याकाळी क्विझ भरून ई-सर्टिफिकेट घेतो. १० पैकी ४ मार्क पडले तरी मिळतं. ४ नाही पडले तर पुन्हा भरा.

बरं, आता सरांच्या तासाकडे येते.

मी मागच्या बाकावर. हातात त्यांचीच डायरी. विषय तोच, लवचिकता. मी पुस्तकातलं पेट्रोल आणि मीठ शिकवलं होतं. सरांनी खडूसुद्धा उचलला नाही. विचारलं, "बेदाण्याचा भाव उद्या दुप्पट झाला तर तुमच्या घरात काय बदलेल?" आणि गप्प. खिडकीतून बाहेर बघत उभे. मला ती शांतता सोसवेना. अक्षरशः मीच उत्तर देणार होते. शेवटी तासगावकडचा एक पोरगा, वर्षभर ज्याचा आवाज मी ऐकला नव्हता, म्हणाला, "सर, आमच्या घरात खाण्यात काही बदलणार नाही. आम्ही बेदाणा विकतो, खात नाही."

वर्ग हसला. सर हसले नाहीत. म्हणाले, "मग तुझ्या घरात काय बदलेल?" आणि त्या एका पोराच्या उत्तरावरून पुढचा सगळा तास गेला. कोण विकतो, कोण खातो, भाव चढेपर्यंत माल कोल्ड स्टोरेजमध्ये कुणाला ठेवता येतो आणि कुणाला लगेच विकावा लागतो. तो पोरगा कुठल्या रांगेत बसला होता माहितेय? खिडकीकडच्या.

डायरीत मी लिहिलं : "समजलं का?" ० वेळा.

एक गोष्ट कबूल करायला हवी, नाइलाजाने का होईना. पुढे मी ॲकॅडमिक स्टाफ कॉलेजात, म्हणजे प्राध्यापकांच्या ट्रेनिंग सेंटरात, ओरिएंटेशनला गेले, तेव्हा चांगलं चार आठवड्यांचं असायचं. पुष्कळ भाषणं ऐकली, एकही आठवत नाही. पण एका बाईंनी मेरी बड रो या अमेरिकन शिक्षण-संशोधक बाईंचं काम सांगितलं. प्रश्न विचारल्यावर शिक्षक जेमतेम एक सेकंद थांबतो, तीन सेकंद थांबला तरी पोरांची उत्तरं लांब होतात, गप्प बसणारी पोरं बोलायला लागतात. मी उडालेच. आमच्या सरांनी हे कुठे वाचलं होतं? बहुतेक कुठेच नाही. पण त्यांच्या त्या खिडकीकडे बघण्याला एक नाव आहे, त्यावर कुणी वर्षानुवर्षं काम केलंय, हे मला तिथे कळलं. म्हणजे ट्रेनिंग सगळंच वाया जातं असं नाही. झालं समाधान?

आणि हो, ऑनलाइनमुळे सोय झाली हेही खरं. तान्हं मूल घरी टाकून महिनाभर परगावी राहणं काय असतं ते आमच्या पिढीच्या बायकांना विचारा. जतच्या टोकाला शिकवणाऱ्याला घरबसल्या चांगल्या माणसाचं व्याख्यान ऐकायला मिळतं. मान्य. पण कॅमेरा बंद करून पोळ्या लाटताना व्याख्यान ऐकता येतं, शिकवायला शिकता येत नाही. मी लाटल्या आहेत, म्हणून सांगते. मालवीय मिशनचा (सरकारचं प्राध्यापकांसाठीचं ट्रेनिंग) आठ दिवसांचा कोर्स मीही केलाय. त्यातल्या दोन दिवशी पुरणपोळ्या होत्या.

आता तुमच्यातला कुणीतरी म्हणणारच, वर्गात येऊन बसणं म्हणजे पाळत ठेवणं. काही ठिकाणी तसं होईल, नको त्या माणसाच्या हातात डायरी गेली तर तो तिचं शस्त्र करेल. ठीक. पण या भीतीपोटी आपण दार इतकं घट्ट लावून घेतलंय की अठ्ठावीस वर्षांत माझ्या वर्गात सरांशिवाय एकही शिक्षक येऊन बसलेला नाही. कॉलेजांना ग्रेड देणाऱ्या नॅकची टीम आली तेव्हा दारातून डोकावली, "कॅरी ऑन मॅडम" म्हणाली आणि नाश्त्याला गेली. सर्जन दुसऱ्या सर्जनसमोर पोट फाडतो, गवई भर बैठकीत चुकतो. आपण मात्र तास असा घेतो, जणू नवरा-बायकोचं भांडण, शेजारच्याला ऐकू जाता कामा नये.

ती चिठ्ठी मी बावीस वर्षं जपली. २०१९ च्या ऑगस्टमध्ये महापुरात सांगलीच्या आयर्विन पुलाशी पाणी ५७ फुटांवर गेलं, गावभागात आमच्या घरात छातीएवढं. खालच्या कप्प्यातलं सगळं गेलं, त्यात सरांची चिठ्ठी. सर्टिफिकेटांची फाईल माळ्यावर होती, वर प्रत्येकाला लॅमिनेशन. एकालाही डाग नाही. तेव्हा चिखल काढताना कशाचंच काही वाटत नव्हतं, आज मात्र हे आठवून रडू आलं. असो.

इथपर्यंत आलाच आहात तर खरं कारणही सांगते. त्या दोन स्क्रीनवाल्या पोरामुळे मी लिहायला बसले असं मलाही मघापर्यंत वाटत होतं. पण त्याचं हसण्यावारी गेलं असतं.

आमच्या विभागात सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर शिकवणारा, एक मुलगा आहे. कवठेमहांकाळकडून रोज टू-व्हीलरवर येतो, दुपारनंतर दुसऱ्या कॉलेजात तास घेतो. तासावर पैसे, तेही महिनोन्‌महिने अडकलेले. आज चहानंतर बेसिनपाशी कप धूत होते, तो मागे येऊन उभा राहिला. म्हणाला, "मॅडम, ती एफडीपीची लिंक मलाही पाठवाल का? मुलाखतीला उपयोगी पडते म्हणतात." म्हटलं, पाठवते. तरी जाईना. मग खाली बघत म्हणाला, "मॅडम, एफ.वाय.ची पोरं माझ्या तासाला मागच्या दाराने उठून जातात. मी तयारी करतो हो. पण काय चुकतंय ते कळत नाही. तुम्ही एकदा येऊन बघाल का?"

मी चार वर्षं विभागप्रमुख आहे. दोन वर्षं हा मुलगा माझ्या हाताखाली आहे. दर महिन्याला त्याच्या तासांच्या बिलावर मी सही करते. किती तास झाले ते मला आकड्यानिशी पाठ आहे. ते कसे झाले ते मला माहीत नाही. मी एकदाही गेलेले नाही. वर तुम्हाला जे यूजीसीचं टक्केवारीचं ऐकवलं ना, तेच मी माझ्या विभागात करत आलेय. कुणी आडवलं होतं मला? शेवटच्या बाकावर बसायला ना जीआर लागतो ना ग्रँट. सरांना लागली नव्हती. मला वेळ नव्हता म्हणावं तर पुरणपोळ्यांना होताच की.

उद्या ७.५० ला त्याचा तास आहे. येताना हरभट रोडवरून छोटी डायरी घेऊन आलेय. त्याला एक अट घातली, परवा तू माझ्या तासाला बसायचंस, मागे, आणि मोजायचंस. पोरगा घाबरलाच. "मॅडम, मी तुमचं काय मोजणार?" म्हटलं, मी किती वेळा "समजलं का" म्हणते तेवढं मोज, आणि थांबते का ते बघ.

थांबते असं मला वाटतं. पण परवाच सासूबाईंना मोबाईलवर गॅसचं बुकिंग शिकवत होते. तिसऱ्या वेळेला त्यांनी मोबाईल माझ्याच हातात दिला. म्हणाल्या, "समजलं का, समजलं का म्हणतेस, आणि मी बघायच्या आत बटण तूच दाबतेस गं."