व्याख्यानमालेतली एक संध्याकाळ डॉक्युमेंट्रीला द्या

डॉक्युमेंट्री म्हटलं की माझ्या पिढीच्या कपाळावर आठी पडते, आणि त्यात पिढीचा काही दोष नाही. पिक्चरच्या आधी फिल्म्स डिव्हिजन या सरकारी खात्याचं रीळ दाखवणं थिएटरवाल्यांना सक्तीचं होतं. धरणाचं उद्घाटन, पूरग्रस्तांना मदत, मंत्र्यांचा दौरा. तेवढ्यात माणसं बाहेर सिगारेट संपवून यायची.

गंमत बघा, त्याच फिल्म्स डिव्हिजनने २०१२ मध्ये पेडर रोडच्या आपल्या इमारतीत ‘एफडी झोन’ सुरू केला. शनिवारी जायचं, गेटवर ओळखपत्र दाखवायचं, लिफ्टने वर जायचं, फुकट फिल्म बघायची. कुठल्या फिल्म दाखवायच्या हे ठरवण्यात बाहेरच्या स्वतंत्र दिग्दर्शकांनाही घेतलेलं. नव्या फिल्म्सबरोबर तिजोरीतल्या जुन्याही निघाल्या. सुखदेव आणि प्रमोद पती या दिग्दर्शकांनी सरकारी पगारावर आणि सरकारी पैशावर काय काय उद्योग करून ठेवलेत, हे तेव्हा कळलं. पुढे २०२२ मध्ये फिल्म्स डिव्हिजन एनएफडीसीत, म्हणजे राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात, विलीन झालं, तो वेगळा विषय.

त्याआधीची ‘विकल्प’ या डॉक्युमेंट्री दिग्दर्शकांच्या गटाची गोष्ट तर भांडणातून सुरू झालेली. २००४ च्या ‘मिफ’साठी, म्हणजे मुंबईच्या सरकारी आंतरराष्ट्रीय डॉक्युमेंट्री महोत्सवासाठी, भारतीय डॉक्युमेंट्रींना सेन्सॉर सर्टिफिकेटची अट घातली, परदेशी फिल्म्सना मात्र ती नाही. दिग्दर्शक एकवटले, अट मागे घ्यावी लागली. मग निवडीच्या वेळी सरकारला टोचणाऱ्या बऱ्याच फिल्म्स गळल्या. तेव्हा या मंडळींनी प्रभादेवीच्या भूपेश गुप्ता भवनात स्वतःचा समांतर महोत्सव भरवला, आणि नंतर जुहूला पृथ्वी थिएटरमध्ये दर महिन्याचं फुकट स्क्रीनिंग. मुंबईला हे सगळं मिळालं याचं मला खरंच कौतुक आहे.

पण डोंबिवलीहून निघून बघा. फास्ट लोकलने दादर, पूल चढून वेस्टर्न, ग्रँट रोडला उतरून टॅक्सी. जुहूचं तर नावच काढू नका. शनिवारी अर्धा दिवस कामाला जाणारा माणूस यात बसतच नाही. तिकीट शून्य रुपये, बाकी सगळा हिशोब ज्याचा त्याने करायचा. आणि या हिशोबात भाषाही धरा.

शहरातल्या एका नावाजलेल्या सभागृहात (नाव मुद्दाम घेत नाही) सफाई कामगारांवरची फिल्म होती. फिल्ममधली माणसं मराठीच बोलत होती, सबटायटल इंग्रजीत, चर्चाही इंग्रजीत. मागच्या रांगेतले एक काका उठले. पालिकेत मुकादम होते म्हणाले. मॅनहोलमध्ये माणूस उतरवण्याआधी झाकण किती वेळ उघडं ठेवायचं, आणि वरून फोन आला की तो वेळ कसा कापला जातो, हे ते सांगायला लागले. तेवढ्यात संचालन करणाऱ्या बाई गोड हसून म्हणाल्या, ‘हिंदी में बोलेंगे प्लीज?’ काकांनी दोन वाक्यं हिंदीत ढकलली आणि बसले. मग कुणीतरी कॅमेऱ्याच्या नैतिकतेवर दहा मिनिटं बोललं. विषय वाईट नव्हता, पण त्या हॉलमध्ये मॅनहोलबद्दल सगळ्यात जास्त ठाऊक असलेला माणूस आता खाली बघत बसला होता.

उलट बाजूचंही उदाहरण आहे. घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात ११ जुलै १९९७ ला पोलीस गोळीबारात १० माणसं गेली. त्यानंतर काही दिवसांत शाहीर विलास घोगरे यांनी आत्महत्या केली. तिथून सुरुवात करून दिग्दर्शक आनंद पटवर्धन यांनी १४ वर्षं ‘जय भीम कॉम्रेड’ या डॉक्युमेंट्रीचं काम केलं, आणि जानेवारी २०१२ मध्ये ती लोकांपुढे आणली ती भायखळ्याच्या बीआयटी चाळीत. तीन तासांहून लांब फिल्म. ज्यांची गाणी त्यात आहेत त्यांच्याच वस्तीत.

‘सगळं यूट्यूबवर आहे की’ असं म्हणणाऱ्यांना एकच विचारतो. घरी तीन तासांची डॉक्युमेंट्री मोबाइल बाजूला ठेवून कुणी शेवटपर्यंत बघितलीय? आणि बघितलीच, तर नंतर भांडायला समोर कोण होतं?

आपल्याला नवीन काही उभं करायचीही गरज नाही. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ मध्ये पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तेव्हापासून गावोगावी लोक ठरल्या वेळी सतरंजीवर नाहीतर खुर्चीवर येऊन बसतात आणि पाहुण्याला प्रश्न विचारतात. आमच्या डोंबिवलीत तर व्याख्यानाला न जाणारा माणूस शोधावा लागेल. सवय आहे, हॉल आहे, माइक आहे. व्याख्यानमालेच्या सात दिवसांतला एक दिवस फिल्मला द्या, दिग्दर्शकाला बोलवा, चर्चा मराठीत ठेवा. पाहुणा अमराठी असेल तर त्याला कुणीतरी कानात समजावून सांगेल, एवढा पाहुणचार आपल्याला येतो.

दिग्दर्शकाला मानधन मात्र द्यायचं. प्रेक्षकाला फुकट याचा अर्थ दिग्दर्शकालाही फुकट राबवा, असा आपल्याकडे सर्रास घेतला जातो. गोरखपूरला २००६ पासून ‘प्रतिरोध का सिनेमा’वाले कुणाचीही स्पॉन्सरशिप न घेता प्रेक्षकांच्या वर्गणीवर महोत्सव करतायत. गणपतीची वर्गणी न चुकता काढणाऱ्या आपल्याला ते जमू नये?

आमच्या इथल्या एका समितीत विषय काढलाय. सचिव तयार आहेत, प्रोजेक्टर एका शाळेचा मिळेल. अडलंय ते सर्टिफिकेटवर. १९५२ च्या कायद्याने जाहीर खेळाला, फुकट असला तरी, सेन्सॉरचं सर्टिफिकेट लागतं, आणि कितीतरी स्वतंत्र डॉक्युमेंट्रींनी ते घेतलेलंच नसतं. समितीतल्या निवृत्त बँकवाल्यांना पोलीस चौकीच्या पायऱ्या चढायच्या नाहीत, आणि मी त्यांना भित्रे म्हणणार नाही. तेव्हा सर्टिफिकेट असलेली, मराठीतली, दीड तासाच्या आतली डॉक्युमेंट्री कुणाला माहीत असेल तर नाव कळवा. दिग्दर्शकाचा जाण्यायेण्याचा खर्च आमच्याकडे.